स्टिरॉइड चालू आहे. हाडांची गोळीही घ्यायची का?

संधिवात, ल्युपस, पेम्फिगस, फुप्फुसांचा आयएलडी, किडनीचा नेफ्रोटिक सिंड्रोम, कुष्ठरोगातली रिॲक्शन. आजार निरनिराळे, डॉक्टर निरनिराळे, पण चिठ्ठीवर एक नाव हमखास सापडतं: प्रेडनिसोलोन. मेडिकलमध्ये ते वायसोलोन किंवा ओम्नाकॉर्टिल या नावाने मिळतं. चार-आठ दिवसांत सूज उतरते, सकाळी आखडलेली बोटं सुटतात, जेवण जातं आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढच्या भेटीत चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक गोळी येते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. ही कशाची? हाडांची. "पण माझी हाडं कुठे दुखतायत?" असं म्हणत ती पाकिटातच राहते.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त काळजीचं. वर्षभर स्टिरॉइड चालतं, तरी हाडांचा विषय कुणी काढतच नाही. आजार बघणारे डॉक्टर त्वचेचे, छातीचे किंवा किडनीचे. हाडांच्या डॉक्टरांकडे जावं तर अजून काही मोडलेलं नाही.

हाडांचं औषध घ्यायचं की नाही, हे कोणत्या आकड्यांवर ठरतं आणि कधी ठरवायचं असतं, ते क्रमाने बघू. त्यातल्या 'कधी'कडे सगळ्यात कमी लक्ष जातं. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच आहे.

स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात ही बातमी नवी नाही. स्टिरॉइडची गोळी यायच्या आधीच ती कळलेली होती. १९३२ मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांच्या शरीरातच स्टिरॉइड संप्रेरक जास्त प्रमाणात तयार होत होतं. गोल चेहरा, पोटावर चरबी, आणि मऊ पडून वाकलेला कणा. पुढे १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं, अंथरुणाला खिळलेली ती रुग्ण चालू लागली, आणि १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. कुशिंग यांनी पाहिलेले सगळे त्रास मग औषध घेणाऱ्यांमध्येही दिसू लागले. कणाही त्यात आलाच.

आत नेमकं काय होतं? हाड सतत नवं होत असतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. शहरात रस्ता खोदणारी एक टोळी आणि तिच्यामागून खडी-डांबर घेऊन येणारी दुसरी टोळी असावी, तसं. स्टिरॉइड सुरू झालं की पहिले काही महिने खोदणाऱ्यांना चेव येतो आणि त्याच वेळी भरणाऱ्यांची संख्या घटते. पुढे खोदकाम मंदावतं, पण भरणं काही सुधारत नाही. शिवाय हाडाच्या पोटात ज्या पेशी कायम वस्तीला असतात आणि डागडुजी कुठे हवी याची खबर देतात, त्याही मरू लागतात. म्हणून स्टिरॉइडवरच्या माणसाचं हाड तपासणीत जेवढं विरळ दिसतं त्यापेक्षा जास्त कमकुवत असतं. त्याच घनतेच्या, पण स्टिरॉइड न घेणाऱ्या माणसाचं हाड टिकतं आणि याचं मोडतं.

भर म्हणून आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त निघून जातं. मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. जमिनीवरून उठताना हाताचा रेटा द्यावा लागणं, जिना चढताना कठड्याला धरावं लागणं, ही त्याची ओळखीची लक्षणं. हाड ठिसूळ आणि माणूस पडण्याच्या बेतात, असा दुहेरी फेरा.

पहिला फटका मणक्यांना आणि बरगड्यांना बसतो, कारण तिथलं हाड आतून जाळीदार असतं आणि जाळीत खरवडायला जागा भरपूर. मणक्याचं फ्रॅक्चर म्हणजे कट्‌कन आवाज होऊन माणूस कोसळला, असं बहुतेकदा नसतं. मणका समोरच्या बाजूने हळूच चेपतो. बादली उचलताना पाठीत चमक आली, आठ दिवस बाम चोळला, राहिलं. पुष्कळ चेपलेले मणके असे कळतच नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये सापडतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त घट झाली असेल तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायलाच हवा.

आता 'कधी'चा मुद्दा. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून तोंडावाटे स्टिरॉइड घेणाऱ्या सुमारे २ लाख ४४ हजार लोकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका, स्टिरॉइड न घेणाऱ्यांच्या तुलनेत, रोज २.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत सुमारे दीडपट होता; २.५ ते ७.५ मिलिग्रॅममध्ये अडीचपटीवर, ७.५ आणि त्यापुढे पाचपट. खुब्याच्या हाडाचा धोका सर्वांत वरच्या डोसला सव्वादोन पट. हा धोका औषध सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच चढतो, आणि औषध थांबवल्यावर पुष्कळसा उतरतो. म्हणजे "वर्षभर बघू, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करू, हाडं विरळ दिसली तर गोळी सुरू करू" हा शहाणपणाचा वाटणारा बेत ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी उशिराचा ठरतो. हाडांची चर्चा स्टिरॉइडची पहिली चिठ्ठी लिहिली जाते त्याच आसपास व्हायला हवी. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना धोक्याचा अंदाज लवकरात लवकर, उशिरात उशिरा सहा महिन्यांत घ्यायला सांगतात. डोस मोठा असेल तर सहा महिने थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

ही चर्चा कुणासाठी? त्याच सूचनांप्रमाणे रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन, तीन महिन्यांहून अधिक काळ. इथे आपल्याकडे एक घोळ होतो. चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन नसतं, डिफ्लाझाकॉर्ट किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असतं, आणि गोळीवरचा आकडा वेगळा दिसतो. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकॉर्ट, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, किंवा जेमतेम पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन. 'फक्त अर्ध्या मिलिग्रॅमची बारीकशी गोळी' हाडांच्या हिशेबात बारीक नसते. डिफ्लाझाकॉर्ट हाडांना सौम्य म्हणून ओळखलं जातं, पण त्या भरवशावर हाडांचा विचार सोडून देऊ नये.

दम्याच्या झटक्याला पाच-सात दिवसांचा कोर्स या चौकटीत बसत नाही. मात्र वर्षातून असे अनेक कोर्स झाले तर त्यांची बेरीज करावी लागते. पंपातून घेतलेल्या स्टिरॉइडला हे मोजमाप लावत नाहीत. आणि एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायची: सांधेदुखीवर किंवा दम्यावर कुठून तरी आणलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत कुटलेलं स्टिरॉइड सापडल्याचे प्रकार अनेकदा नोंदले गेले आहेत. एका रात्रीत गुण देणाऱ्या पुडीचा संशय यायलाच हवा.

यापुढे सगळं माणसागणिक बदलतं, म्हणून चार माणसं समोर घेऊ. चौघंही कल्पित आहेत, पण ओपीडीत अशी माणसं रोज येतात.

पहिल्या बाई ६६ वर्षांच्या. संधिवातासाठी रोज साडेसात मिलिग्रॅम. सहा वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर घालून बरं झालं आणि विसरलं गेलं. इथे निर्णय जवळजवळ झालेला आहे. उभ्या उंचीवरून पडून मोडलेलं हाड हा ठिसूळपणाचा पुरावाच असतो, आणि आधीचं असं फ्रॅक्चर माणसाला सरळ त्या सूचनांतल्या 'अति जोखीम' गटात टाकतं. डेक्सा करायचा तो पुढे तुलना करता यावी म्हणून. औषध द्यायचं की नाही यासाठी त्याची वाट बघायची नाही. अडचण एवढीच की डॉक्टर "हाड मोडलंय का कधी?" असं विचारतात आणि बाई "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या मते ते 'पडल्यामुळे' मोडलं होतं.

दुसरे गृहस्थ ५२ वर्षांचे, पेम्फिगस. डेक्सा अगदी छान. पहिला महिना रोज ४० मिलिग्रॅम, दुसरा ३०, पुढचे दोन महिने २०, मग दोन महिने १५, मग सहा महिने १०. बेरीज करू या: १२००, ९००, १२००, ९००, १८००. वर्षाला ६००० मिलिग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम. महिन्याहून जास्त काळ रोज ३० मिलिग्रॅम किंवा त्यावर, अथवा वर्षात एकूण ५ ग्रॅम किंवा त्यावर, यांतलं एक जरी झालं तरी तो माणूस अति जोखमीच्या गटात मोडतो, डेक्सा काहीही म्हणो. वर्षभर रोज सरासरी १४ मिलिग्रॅम घेतलं की ५ ग्रॅमची रेघ ओलांडली जाते. यांचं तर दोन्ही झालंय. तरी पुरुष म्हटल्यावर हाडांचा विचार मागे पडतो. ठिसूळ हाडं हा बायकांचा आजार, हा समज डॉक्टरांतही अजून गेलेला नाही. स्वतःच्या स्टिरॉइडची अशी बेरीज जुन्या चिठ्ठ्या घेऊन घरी बसून करता येते, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

तिसरी ३५ वर्षांची, ल्युपस ताब्यात, रोज ५ मिलिग्रॅम, कधी काही मोडलेलं नाही, घनता वयाला साजेशी. हिला औषध नको. इथे मार्गदर्शक सूचना ठाम आहेत: धोका कमी असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या पलीकडे हाडांचं औषध देऊ नका, कारण फायद्याचा पुरावा नाही आणि त्रास होऊ शकतो. तिच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. हाडांच्या गोळ्यांपैकी ॲलेन्ड्रोनेटच्या जातीची औषधं (बिस्फॉस्फोनेट) हाडात वर्षानुवर्षं मुक्काम करतात. पुढे मूल हवं असेल तर हे आधीच बोलायला हवं. तरुण स्त्रीला ही औषधं कधीच देत नाहीत असं मात्र नाही. धोका मोठा असेल तर देतात, गर्भधारणेचं नियोजन आधी करून.

चौथ्या बाई ५८ वर्षांच्या, आयएलडीसाठी रोज १० मिलिग्रॅम, हाड कधी मोडलेलं नाही, टी-स्कोअर उणे १.८. खरी खलबतं या माणसासाठी करावी लागतात, म्हणून इथे थोडं थांबू.

टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी माणसाच्या सरासरीपेक्षा तुमचं हाड किती मागे आहे याचं माप. शून्य म्हणजे सरासरीइतकं, उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. चाळिशीच्या आतल्यांसाठी वयाच्या तुलनेचा झेड-स्कोअर बघतात. डेक्साच्या कागदावर कंबरेच्या मणक्यांची एक ओळ असते, खुब्याची एक. साठीनंतर मणक्याचा आकडा फसवा असू शकतो: मणक्यांना फुटलेले काटे आणि चेपलेला मणका दोन्ही 'घट्ट' दिसतात आणि सरासरी खोटी वर नेतात. म्हणून दोन्ही ओळी वाचायच्या आणि त्यातला वाईट आकडा धरायचा.

एकट्या टी-स्कोअरवर निर्णय होत नाही, म्हणून ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठात जॉन केनिस यांच्या गटाने फ्रॅक्स नावाचं गणित तयार केलं. २००८ पासून ते वापरात आहे, भारतासाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचं खुब्याचं फ्रॅक्चर, सिगारेट, दारू, संधिवात, स्टिरॉइड अशी माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत येते: एक आकडा मोठ्या फ्रॅक्चरचा, एक फक्त खुब्याचा. चाळिशीच्या पुढच्यांनाच ते लागू. त्यात एक उणीव आहे. स्टिरॉइडबद्दल ते फक्त 'हो' की 'नाही' एवढंच विचारतं. रोज ३ मिलिग्रॅम आणि रोज ३० मिलिग्रॅम त्याच्या लेखी सारखेच. म्हणून डोस साडेसातच्या वर असेल तर आलेल्या आकड्यांना हाताने वाढवावं लागतं: मोठ्या फ्रॅक्चरचा गुणिले १.१५, खुब्याचा गुणिले १.२.

समजा या बाईंचे आकडे १२ टक्के आणि २.६ टक्के आले. वाढवल्यावर ते १३.८ आणि ३.१ होतात. मोठ्या फ्रॅक्चरला १० ते १९ टक्के म्हणजे मध्यम धोका. पण खुब्याच्या आकड्याची वरची रेघ ३ टक्क्यांना आहे. गुणाकार केला नाही तर बाई मध्यम गटात, केला तर वरच्या गटात. मध्यम गटात औषध 'द्यायला हरकत नाही, चर्चा करून ठरवा' असं आहे. वरच्या गटात 'द्या' असं आहे. एवढ्याशा गुणाकाराने सल्ला बदलतो. म्हणून "फ्रॅक्स काढलंत का, आणि डोसप्रमाणे वाढवलंत का?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

मध्यम गटातल्या माणसाने मग ठरवायचं कसं? आधी फायदा किती ते बघू. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात स्टिरॉइड घेणाऱ्यांवरचे प्रयोग एकत्र केले होते. एक-दोन वर्षांच्या काळात बिस्फॉस्फोनेट न घेणाऱ्या हजार जणांत ७७ जणांच्या मणक्यांत नवं फ्रॅक्चर दिसलं. घेणाऱ्या हजारांत ४४ जणांच्या. 'धोका ४३ टक्क्यांनी घटला' असं हे सांगता येतं आणि '३१ जणांनी घेतलं तर एकाचं फ्रॅक्चर टळलं' असंही. दोन्ही खरं आहे. पहिलं ऐकलं की माणूस लगेच हो म्हणतो, दुसरं ऐकलं की विचार करतो. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं, फक्त त्यात एक गोष्ट जोडून: ही सगळ्यांची सरासरी आहे. ६६ वर्षांच्या आधी मनगट मोडलेल्या बाईंना फायदा यापेक्षा पुष्कळ जास्त, ३५ वर्षांच्या मुलीला नगण्य.

आता दुसरं पारडं. ज्या दोन दुष्परिणामांची धास्ती लोकांना बसते त्यातला एक जबड्याचा. दात काढल्यानंतर जखम न भरता जबड्याचं हाड उघडं राहतं. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या मात्रेत देतात तिथे हे जास्त दिसतं. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या डोसला फार विरळा, साधारण १० हजार ते १ लाख माणसांत वर्षाला एक या हिशेबाचं. उपाय सोपा: दात काढायचे, इम्प्लांट बसवायचे असतील तर औषध सुरू करण्याआधी उरकून घ्या. दुसरा मांडीच्या हाडाचा. वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर मांडीचं हाड मध्येच आडवं तडकू शकतं, आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत याची शक्यता थोडी जास्त. ते बहुतेकदा आधी सूचना देतं: आठवडेच्या आठवडे टिकणारी मांडीतली किंवा जांघेतली ठसठस. तेव्हा बाम न चोळता एक्स-रे काढायचा, दोन्ही मांड्यांचा.

जांघेतल्या दुखण्याचं आणखी एक कारण स्टिरॉइडवाल्यांनी माहीत ठेवावं. खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून तो ढासळतो. त्याला एव्हीएन म्हणतात. कोविडनंतर तरुण रुग्णांमध्ये तो दिसल्यामुळे मुंबईत बरीच चर्चा झाली होती. हा ठिसूळपणा नव्हे, वेगळाच आजार आहे, साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो, आणि हाडांची गोळी घेतली म्हणून तो टळतो असं समजू नये.

गोळी घ्यायची ठरली तर बहुतेकांसाठी पहिलं नाव ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम किंवा रिसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. स्वस्त, जुनी, पुरावा असलेली. पण ही गोळी घ्यायची रीत इतकी किचकट आहे की चुकीच्या रीतीने घेऊन फुकट घालवणारे खूप. रविवार ठरवला असेल तर रविवारी उठल्यावर चूळ भरायची, आणि चहाच्या आधी, अगदी उपाशीपोटी, भरलेला पेलाभर साध्या पाण्यासोबत गोळी अख्खी गिळायची. चावायची नाही, चघळायची नाही. दूध नको, लिंबूपाणी नको, बाटलीतलं मिनरल वॉटरही नको. पुढचा निदान अर्धा तास बसून किंवा उभं राहून काढायचा. पुन्हा अंथरुणात शिरायचं नाही, देवाला वाकून नमस्कारसुद्धा नंतर. कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. आणि पोटात चहा-दूध गेलं तर गोळीतलं जे जेमतेम शोषलं जातं तेही जात नाही. आपल्या घरांत खरी लढाई चहाशी असते. थायरॉइडची गोळीही सकाळी उपाशीपोटी असेल तर त्या दिवशीचा क्रम डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्टिरॉइड नाश्त्यासोबत, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. कॅल्शियम आणि ॲलेन्ड्रोनेट एकत्र कधीच नाही.

अन्ननलिकेचा त्रास असेल, अर्धा तास ताठ बसवत नसेल, किंवा आधीच गोळ्यांची इतकी रांग असेल की आणखी एक नको वाटते, तर झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा सलाइनमधून इंजेक्शन. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप-अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉलने भागतं. किडनी किती काम करते ते सांगणारा ईजीएफआर ३५ च्या खाली गेलेला असेल तर ॲलेन्ड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक दोन्ही टाळतात, म्हणून तो आधी बघायचा. तेव्हा डेनोसुमॅबचा विचार होतो: दर सहा महिन्यांनी कातडीखाली एक इंजेक्शन. किडनी फारच खालावली असेल तर त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं, हे लक्षात ठेवून.

अति जोखमीच्या गटात, विशेषतः मणके आधीच चेपलेले असतील तर, टेरिपॅराटाइड हे वेगळ्या जातीचं औषध. बाकीची औषधं खरवडणं थांबवतात, हे नवं हाड भरायला लावतं. स्टिरॉइडने नेमकं तेच बिघडवलेलं असतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२८ रुग्णांच्या प्रयोगात दीड वर्षात मणक्याचं नवं फ्रॅक्चर टेरिपॅराटाइड घेणाऱ्या ०.६ टक्के आणि ॲलेन्ड्रोनेट घेणाऱ्या ६.१ टक्के रुग्णांना झालं. रोज स्वतः टोचून घ्यायचं, आणि खर्च गोळीच्या कितीतरी पट. परवडत नसेल तर ॲलेन्ड्रोनेट घ्यावं. महागडं जमत नाही म्हणून काहीच न घेणं, हा सगळ्यात वाईट पर्याय.

कोणतंही औषध असो, पाया कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा. ड कमी असताना झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅब दिलं तर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊन हातपाय वळतात, म्हणून आधी ड भरून घेतात. आपल्याकडे त्याची कमतरता घरोघर आहे. ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एक असते, रोज एक नव्हे. आणि ठरलेले आठवडे झाले की थांबून पुढचं डॉक्टरांना विचारायचं. कॅल्शियम दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅम, जेवणातलं धरून. गोळीच्या पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं असतं, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० च. दोन पेले दूध-दही, एक नाचणीची भाकरी, वरून तिळाची चटणी असं रोजचं जेवण असेल तर एकच गोळी पुरते. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी सांगा.

गोळ्यांच्या या गर्दीत एक प्रश्न राहून जातो: स्टिरॉइडच कमी करता येईल का? मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन यांसारखी दुसरी औषधं जोडून डोस उतरवता आला तर हाडांसाठी त्याहून चांगलं काही नाही. हे मात्र डॉक्टरांनी करायचं. हाडांच्या भीतीने स्टिरॉइड अचानक बंद केलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल लगेच सुरू होत नाही, रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. शिवाय न दाबलेला संधिवातही हाडं खातो. त्यामुळे दर भेटीला 'डोस किती खाली आला?' हे विचारायचं, आणि आपल्या हाताने एक गोळीही सोडायची नाही.

हाडांचं औषध घ्यायचं तरी किती दिवस? दर वर्षी धोका नव्याने मोजायचा, डेक्सा वर्ष-दोन वर्षांनी. स्टिरॉइड थांबलं, धोका उतरला, काही मोडलं नाही, तर बिस्फॉस्फोनेटही थांबवता येतं. हाडात साठलेला अंश पुढे काही काळ काम करत राहतो. स्टिरॉइड चालूच असेल आणि धोका मोठा असेल तर गोळी पाच वर्षं झाल्यावर पुढे तीच, दुसरी की सुट्टी, हे पुन्हा बसून ठरवतात. टेरिपॅराटाइड संपलं की मागोमाग बिस्फॉस्फोनेट द्यावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड निघून जातं.

डेनोसुमॅबची गोष्ट निराळी आहे, आणि ते सुरू करण्याआधीच ती माहीत असायला हवी. त्याचा काहीही साठा हाडात राहत नाही. सहा महिन्यांचं इंजेक्शन लांबलं की दाबून ठेवलेलं खरवडणं उसळून येतं, आणि एकाच वेळी अनेक मणके चेपल्याची उदाहरणं आहेत. गावाला गेलो, लग्नसराई होती, पैसे नव्हते, 'आता बरं वाटतंय', कारण कोणतंही असो, सातवा महिना उलटू द्यायचा नाही. ते बंद करायचं असेल तर त्याच्या जागी बिस्फॉस्फोनेट कोणत्या तारखेला सुरू होणार, हे शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशीच चिठ्ठीवर लिहून घ्या.